पालकाशिवाय एकवीस दिवस

सगुणाबाईंनी एका तळहातानं मिक्सरचं झाकण दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं बटण फिरवलं. झाकण गेल्या दिवाळीपासून सैल झालं होतं. हात जरा हलला की हिरवा शिंतोडा थेट भिंतीवरच्या कॅलेंडरवर जायचा. भांड्यात सोललेला दुधी होता, दोन काकड्या, मूठभर पुदिना आणि रंग यावा म्हणून कोथिंबिरीच्या काड्या. दुधीची चकती त्यांनी आधी जिभेवर ठेवून पाहिली होती, कडू नव्हती. पालकाचं एक पानसुद्धा त्यात नव्हतं. आज एकविसावा दिवस होता आणि अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

बाहेर ओट्यावर चपला वाजल्या. सगुणाबाईंचे यजमान धर्मराज आणि त्यांच्याबरोबर सकाळी फिरायला जाणारे चौघे परत आले होते. भिवाजी पूर्वी एसटीवर ड्रायव्हर होते, हरिओमशेठ बियाण्याचे व्यापारी, आणि उरलेले दोघे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. पाचही जण ओट्यावर ओळीनं बसायचे आणि आतून पेले येईपर्यंत राजकारण बोलायचे. पेले यायला उशीर झाला तर राजकारण संपून तब्येतीवर यायचे, आणि तब्येतीवर आले की धर्मराज आपल्या ज्यूसची कहाणी पहिल्यापासून सांगायला घ्यायचे.

कहाणी सात वर्षांपूर्वीची होती. धर्मराजांच्या हृदयातली झडप खराब झाली, ती काढून धातूची बसवली. धातूच्या झडपेवर रक्त गोठू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची होती. ऑपरेशननंतर कुणीतरी सांगितलं, पालकाचा रस प्या, रक्त वाढेल. धर्मराजांनी सुरू केला. महिन्याभरानं तपासणीत रक्त भलतंच घट्ट निघालं आणि जालन्याचे मोठे डॉक्टर त्यांच्यावर चांगलेच रागावले. ज्यूस सोडा म्हणाले. धर्मराज सोडणारे नव्हते. तीस वर्षं अंकुशनगरच्या साखर कारखान्यात भोंग्यावर उठलेला माणूस, एकदा धरलेली गोष्ट सोडणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. शेवटी डॉक्टरांनीच हात टेकले. प्यायचाच असेल तर रोज प्या, तेवढाच प्या, एक दिवस चुकवू नका, मी गोळी त्या बेतानं वाढवून देतो, असं ते म्हणाले.

हे सगळं बोलणं आत, डॉक्टरांच्या खोलीत झालं. सगुणाबाई तेव्हा बाहेर औषधाच्या दुकानात रांगेत उभ्या होत्या. धर्मराज बाहेर आले आणि त्यांनी बायकोला त्यातलं एवढंच सांगितलं, की ज्यूस एक दिवसही चुकवायचा न्हाई, डॉक्टरची ऑर्डर हे.

ऑर्डर धर्मराजांना आणि काम सगुणाबाईंना, अशी त्याची वाटणी झाली. पहिल्या वर्षी एक पेला होता. मग भिवाजी आले, त्यांच्या मागून शेठ आले, मास्तर एकाच्या ओळखीनं दुसरे आले. भिवाजींना मध्येच मुतखडा झाला आणि तो पालकानं झाला असेल असं त्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, तेव्हा त्यांनी पेला अर्धा केला, पण सोडला नाही. आपल्यासाठी सहावा पेला सगुणाबाईंनी कधी केला नाही. त्यांना पालक आवडत नव्हता, पण ते कुणी विचारलंच नव्हतं.

पाच पेल्यांना सात-आठ जुड्या लागायच्या. त्या आदल्या संध्याकाळी निवडायच्या, पानांच्या मागची माती काढायची, सकाळी पाचला उठून चार पाण्यांतून धुवायच्या, वाटायच्या, फडक्यातून गाळायच्या, चोथा फेकायचा, फडकं धुवायचं. फडकी हिरवी व्हायची ती हिरवीच राहायची, आणि नखांच्या कडाही. पुण्याला नात झाली तेव्हा सून साधना महिनाभर राहा म्हणत होती. सगुणाबाई आठव्या दिवशी परत आल्या. भाच्याच्या लग्नाला कुंभार पिंपळगावला गेल्या तर मिक्सर पिशवीत घालून गेल्या आणि मांडवात सगळे हळदीला बसलेले असताना स्वतः माजघरात पालक वाटत होत्या. तिथल्या बायकांनी कौतुक केलं. नवऱ्याला जपावं तर सगुणानं, असं म्हणाल्या. कौतुकाचं एक असतं, ते ऐकून घेतलं की काम अंगाला चिकटतंच. सगुणाबाई ते ऐकून घेत आल्या होत्या.

आणि ह्या वैशाखात त्या दमल्या. अचानक काही घडलं नाही. नळाला दर दहाव्या दिवशी पाणी यायचं, टाकीच्या तळाशी विटेच्या उंचीएवढंच पाणी राहिलं होतं, आणि समोर चिखलानं भरलेल्या आठ जुड्या होत्या. सगुणाबाई मोरीत पाटावर बसल्या, पहिली जुडी सोडली, आणि त्यांचा हात पुढं जाईना. मनगट दुखत होतं, पण ते रोजच दुखायचं. नुसतं बसून राहावंसं वाटलं. दहा मिनिटं त्या बसून राहिल्या. मग उठल्या, फ्रिजमधला दुधी काढला, सोलला, त्यात पुदिना-कोथिंबीर टाकली आणि फिरवली. धुवायला दोन तांबे पाणी लागलं. रंग हिरवा आला. आठ जुड्या मागच्या गल्लीतल्या शेळ्यांना गेल्या.

डॉक्टरनं ज्यूस चुकवू नका सांगितलं होतं, आणि ज्यूस चुकला नव्हता. सगुणाबाईंनी स्वतःला हे असं समजावलं. दुधीचा रस तर उलट चांगला, टीव्हीवर सांगतात. त्या दिवशी बाहेर शेठ म्हणाले, वहिनी, आज एकदम फर्स्टक्लास झालाय. धर्मराज काही बोलले नाहीत, पेला रिकामा करून आत पाठवला. मग दुसऱ्या दिवशीही दुधीच झाला आणि तिसऱ्याही. सगुणाबाई पाचाऐवजी पावणेसहाला उठू लागल्या. पाऊण तास म्हणजे काही फार नाही, पण सात वर्षांनंतर त्यांना तो फार वाटला. त्या पाऊण तासात त्या काहीही करत नसत, डोळे उघडे ठेवून पडून राहत.

तर त्या एकविसाव्या दिवशी त्यांनी पाच पेले ताटात मांडून बाहेर नेले. धर्मराजांनी पेला उचलला, तोंडाला लावला, आणि पेल्यातल्या हिरव्यावर एक लाल थेंब पडला. मग दुसरा पडला. नाकातून रक्त येत होतं. त्यांनी उपरण्यानं नाक धरलं, उन्हाळ्याचा घोळणा फुटला असेल म्हणाले, मास्तरांनी डोक्यावर पाणी थापलं. अर्धा तास झाला तरी रक्त थांबेना. उपरणं भिजलं, मग टॉवेल भिजला. शेठनी गाडी काढली.

मोठे डॉक्टर आता बसत नव्हते, त्यांची मुलगी अक्षता दवाखाना पाहत होती. तिनं नाकात औषधाचे बोळे घातले, बोटातून रक्त घेतलं, यंत्रात घातलं आणि आकडा पाहून पुन्हा एकदा घेतलं. रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तो आकडा अडीच-तीनच्या आसपास असायचा, आज साताच्या वर होता. तिनं धर्मराजांच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या. दंडावर, कोपराखाली काळेनिळे डाग होते, रुपयाएवढे, काही त्याहून मोठे. सगुणाबाईंनी ते पहिल्यांदा पाहिले. मे महिन्याच्या उकाड्यात हा माणूस पूर्ण बाह्यांचा शर्ट का घालतोय असं त्यांच्या मनात येऊन गेलं होतं, पण विचारलं नव्हतं.

"हिरड्यांतून रक्त येतं का, काका?" डॉक्टरनं विचारलं.

"येतं. दात घासताना."

"किती दिवस झाले?"

"झाले असतील आठ-दहा."

बेसिन रोज स्वच्छ असायचं. सगुणाबाईंना आठवलं की हल्ली धर्मराज दात घासून झाल्यावर बराच वेळ नळ चालू ठेवत होते, आणि टाकीतलं पाणी कमी आहे म्हणून त्यावरून आपण एकदा बोललोही होतो.

डॉक्टरनं एकेक विचारत नेलं. गोळी तेवढीच घेताय ना, चुकून दोनदा तर घेतली नाही, मध्ये ताप, जुलाब, अंगदुखीची एखादी गोळी, कुणा वैद्याचं चूर्ण. धर्मराज सगळ्याला न्हाई म्हणत गेले. मग तिनं वडिलांच्या हातचं जुनं कार्ड चाळलं आणि ज्यूसचं विचारलं.

"ज्यूस चालू हे ना," धर्मराज म्हणाले. "सात वर्षांत एक दिवस चुकला न्हाई."

"पालकाचाच? तेवढाच?"

"पालकाचाच. बिलकुल तेवढाच."

ते जरा जास्तच घाईनं बोलले. डॉक्टरच्या ते लक्षात आलं नाही. ज्यूसमध्ये बदल नसेल तर मग लिव्हरचं काहीतरी असणार, असं ती म्हणाली. आजच संभाजीनगरला जा, ॲडमिट व्हावं लागेल, सोनोग्राफी, बाकी तपासण्या, गरज पडली तर नळी घालून आतून बघतील. तिनं चिठ्ठी लिहायला घेतली. बाहेर बसलेल्या शेठना गाडी तयार ठेवायचा निरोपही गेला.

सगुणाबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या. पालक ह्या शब्दाशी डॉक्टर थांबली होती, हे त्यांनी पाहिलं होतं. ज्यूस नव्हे, पालक. त्या शिकल्या नव्हत्या फार, पण एवढं कळायला शिक्षण लागत नाही. आपल्या हातून झालंय, हे त्यांना त्या स्टुलावर लख्ख कळलं. बोलावं तर नवऱ्याच्या देखत, एकवीस दिवस फसवलं म्हणून बोलावं लागणार. न बोलावं तर त्या माणसाच्या घशात नळी घालतील. पेनचा आवाज चालू होता. चिठ्ठी अर्धी झाली होती.

"पालक न्हाई त्याच्यात," सगुणाबाई म्हणाल्या.

डॉक्टरनं मान वर केली.

"एकवीस दिवस झाले. दुधीचा करून राह्यले मी. यांना म्हाईत न्हाई." त्यांनी धर्मराजांकडं पाहिलं नाही. "डॉक्टरनं ज्यूस म्हणून सांगितल्तं. मला वाटलं कोणताबी चालतो. पालक धुणं व्हत न्हाई मला आता."

अक्षतानं पेन खाली ठेवलं. ती रागावेल असं सगुणाबाईंना वाटलं होतं. ती उलट सुटल्यासारखी खुर्चीत मागं टेकली. चिठ्ठी तिनं चुरगळून टाकली आणि खुर्ची सगुणाबाईंच्या जवळ ओढली. पालकात रक्त घट्ट करणारं काहीतरी असतं, गोळी रक्त पातळ करते, वडिलांनी दोन्हींचा मेळ घालून गोळी जवळजवळ दुप्पट केली होती, असं तिनं समजावलं. पालक बंद झाला आणि दुप्पट गोळी तशीच चालू राहिली. आज कळलं हे बरं झालं, ती म्हणाली, डोक्यात रक्तस्राव झाला असता तर काहीच करता आलं नसतं. मग तिनं इंजेक्शन दिलं, गोळी दोन दिवस बंद, परवा पुन्हा तपासणी, आणि दुपारपर्यंत दोघांना तिथंच थांबवून घेतलं.

निघताना तिनं सगुणाबाईंनाच बोलावलं.

"आता दोन रस्ते आहेत, काकू. पालक पुन्हा रोज सुरू करायचा, तर मी जुनीच गोळी लिहिते. नाहीतर पालक कायमचा बंद, आणि गोळी कमी. काकांना दोन्ही सारखंच. कोणतं लिहू?"

सगुणाबाईंनी सवयीनं नवऱ्याकडं पाहिलं. धर्मराज नाकात बोळे घालून समोरच्या भिंतीवरचं हृदयाचं चित्र बघत होते. त्यांनी मान वळवली नाही.

"तुम्हीच सांगा," डॉक्टर म्हणाली. "करता तुम्ही."

सात वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं.

"गोळी कमी करा," त्या म्हणाल्या.

शेठ केव्हाच दुकानी गेले होते, म्हणून येताना रिक्षा केली. ऊन रणरणत होतं. रिक्षा अंबड चौफुलीला आली. सगुणाबाई बोलणी खायच्या तयारीनं बसल्या होत्या. धर्मराजांनी अख्ख्या आयुष्यात हात उचलला नव्हता, पण चूक काढायला बसले की दोन-दोन दिवस काढत. पिशवीतली नवी गोळी त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली आणि परत पिशवीत ठेवली.

"मला पह्यल्याच दिशी कळल्तं," ते म्हणाले.

"काय?"

"पालक न्हाई म्हणून. सात वर्षं पेतोय. चव कळत न्हाई का मला?"

रिक्षा खड्ड्यातून गेली, दोघांनीही समोरचा दांडा धरला.

"मंग बोल्ले का न्हाई?"

"बोल्लो असतो, तर दुसऱ्या दिशी तू परत पालक निसत बसली असती."

रिक्षावाला आरशातून मागं बघत होता. सगुणाबाईंनी पदर तोंडाशी धरला. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, गोळीचं, पालकाचं मोठे डॉक्टर बोलले होते ते ध्यानात होतं का. थोडं थोडं होतं, धर्मराज म्हणाले. एवढं व्हईल असं वाटलं न्हाई.

म्हणजे बेसिन धुवून काढत होते ते ह्यासाठी. आणि डॉक्टरसमोर ते खोटं बोलले, तेही. सगुणाबाईंना राग आला, चांगला तळपायापासून आला. मेले असते तर मी काय करणार होते, असं त्यांना ओरडून विचारावंसं वाटलं. आणि त्या रागाच्या खालीच त्यांना इतकं भरून आलं की दोन्ही एकदम सोसेना. ह्या माणसाला बायको दमली हे दिसलं होतं. दिसलं होतं, आणि त्यावर त्याला एवढाच उपाय सुचला होता, की गप बसून दुधी प्यायचा. एक जुडी हातात घेऊन शेजारी बसावं, किंवा चार सोबत्यांना उद्यापासून येऊ नका म्हणावं, हे त्याला सुचलं नव्हतं. तीस वर्षं भोंग्यावर उठलेल्या माणसाला ते सुचणार तरी कसं, असंही त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनाच त्या विचाराचा कंटाळा आला. दर वेळी आपणच ह्यांच्या बाजूनं कारण शोधायचं.

घराच्या गल्लीत रिक्षा वळली तेव्हा त्या म्हणाल्या, "उद्या येतील ते चौघं. त्यांना काय सांगणार?"

"सांगतो ना. डॉक्टरनं बंद केला म्हणून."

"डॉक्टरनं न्हाई केला." सगुणाबाईंनी पदर सारखा केला. "मी दमले म्हणून सांगा."

धर्मराजांनी उतरताना त्यांच्याकडं एकदा पाहिलं. बरं म्हणाले नाहीत, न्हाईही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला ओट्यावर चपला वाजल्या. धर्मराज फिरायला गेले नव्हते, खुर्ची टाकून बाहेर बसले होते. सगुणाबाई पलंगावर जाग्या होत्या. खिडकी उघडीच होती, सगळं ऐकू येत होतं. भिवाजींनी नाकाची चौकशी केली, शेठनी संभाजीनगरच्या एका नात्यातल्या डॉक्टरचं नाव सांगितलं, मास्तरांनी उन्हाळ्यावर ठपका ठेवला. मग बोलणं हळूहळू संपलं आणि ती रोजची शांतता आली, पेल्यांची वाट बघणारी.

धर्मराज खाकरले.

"डॉक्टरनं," ते म्हणाले, आणि थांबले. बाहेर खुर्ची सरकली.

"ज्यूस बंद हे आजपासून," धर्मराज म्हणाले. "सगुणा दमलीय."

चार पुरुषांना एका वाक्यावर काय बोलावं ते कळेना, असं सगुणाबाईंनी पहिल्यांदाच ऐकलं. मग भिवाजी म्हणाले की हां, बराबर हे, वय झालं आता सगळ्यांचंच. आणि दोघांतल्या एका मास्तरांना काही राहवलं नाही. त्यांनी विचारलं, "मंग च्या तरी?"

"च्या मी ठेवतो," धर्मराज म्हणाले.

ते आत आले. पावलं पलंगाच्या खोलीशी क्षणभर थांबली, मग स्वयंपाकघरात गेली. पातेलं सापडलं, त्याचा आवाज आला. गॅस तिसऱ्या खेपेला पेटला. मग डबे उघडायला सुरुवात झाली. एक झाकण निघालं, लागलं. दुसरं निघालं, लागलं. तिसऱ्यात बहुतेक रवा होता, कारण ते जरा वेळ थांबले आणि मग तेही लागलं.

"साखर कुठं ठेवती ही," धर्मराज हळूच स्वतःशी म्हणाले.

साखर खालच्या फळीवर होती, ज्वारीच्या पिठाच्या पिंपामागं, निळ्या झाकणाच्या डब्यात. सगुणाबाईंनी चादर खांद्यापर्यंत ओढली आणि भिंतीकडं तोंड करून त्या पडून राहिल्या.